गोठविलेल्या कोळंबीची बखर

देवनहळ्ळी हे नाव इतिहासाच्या वाचकाला अपरिचित नाही. इ. स. १५०१ मध्ये मल्लबैरे गौड ह्या नायकाने येथे मातीचा कोट उभारला. १७४९ च्या वेढ्यात हैदर अली नावाचा एक शिलेदार प्रथम नजरेत भरला. पुढे त्याचा पुत्र टिपू ह्या गावी जन्मला. आणि १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने येथील किल्ला घेतला. त्यानंतर पुष्कळ काळ गावाचे नाव निघे ते बहुधा चकोत्यासाठी, म्हणजे आपल्या पपनसासाठी. मे २००८ मध्ये बेंगळूरचा नवा विमानतळ ह्या तालुक्यात सुरू झाला आणि देवनहळ्ळीचे नाव पुन्हा चार लोकांच्या तोंडी आले.

ह्या साऱ्या इतिहासात समुद्र कोठेच नाही. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर वसलेले. पश्चिमेचे मंगळूर आणि पूर्वेचे चेन्नई ही दोन्ही बंदरे साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास दूर. १६३८ मध्ये बेंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले तेव्हापासून मराठी माणूस ह्या पठारावर वावरत आहे. समुद्र मात्र त्याच्याबरोबर वर चढला नाही. असे असताना आज आमच्या बिऱ्हाडापासून चार पावलांवरच्या दुकानात, हिरव्या वाटाण्यांच्या पिशव्यांना खेटून, गोठविलेल्या कोळंबीची पाकिटे रचलेली असतात. दुकानदार तिला सीगडी म्हणतो. आंध्रातला ट्रकवाला रोय्यलु म्हणतो. मालवणकडचे आमचे शेजारी सुंगटां म्हणतात. नावे चार झाली तरी पाकीट एकच.

ह्या पाकिटाविषयी इकडच्या मराठी घरांत दोन तट आहेत. एक म्हणतो, ती बर्फातली शिळी कोळंबी आहे, तिला हात लावू नये. दुसरा म्हणतो, पाकिटात आहे म्हणजे ती चांगलीच असणार, कसेही ठेवा, केव्हाही शिजवा. आमच्या मते दोन्ही तट एकाच कारणाने फसतात. ही वस्तू येथवर कशी आली, हे दोघांनाही ठाऊक नसते. हा प्रवास थोडक्यात सांगावा आणि त्यातून स्वयंपाकघरापुरता जो बोध निघतो तो गृहिणींपुढे व गृहस्थांपुढे ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

कोळंबी घाट चढली ती प्रथम बर्फाच्या नव्हे, उन्हाच्या आधाराने. ताज्या कोळंबीच्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. ते पाणी काढून घेतले की कुजविणाऱ्या जंतूंचा संसार थांबतो. कोकणच्या बायकांना जंतूंचे शास्त्र ठाऊक नव्हते, परंतु त्याचे फळ त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हाती धरले होते. मोठी कोळंबी सोलून कडक उन्हात वाळविली की तिचे सोडे होत. बारीक जवळा सालासकट वाळत असे. पावसाळ्यात समुद्र खवळला, होड्या किनाऱ्याला ओढून ठेवल्या, की ह्याच बेगमीवर घरे चालत. कायस्थ प्रभूंच्या घरची सोड्यांची खिचडी हा तर एक मानाचा पदार्थ होय. मलबार किनाऱ्यावरही हाच उद्योग चाले आणि तेथील वाळविलेली कोळंबी ब्रह्मदेशापर्यंत विकली जाई.

सोड्यांविषयी एक गोष्ट येथेच नोंदवून ठेवतो, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. सोडे चांगले की वाईट, हे सोडेच सांगत. रंग फिका गुलाबी आहे की काळवंडला आहे, बोटांत धरताच तुकडा पडतो की वाकतो, वासाला खमंगपणा आहे की कुबटपणा, तळाशी वाळू लागते की काय, हे सर्व डोळा, नाक आणि बोटे एवढ्या साधनांनी कळे. आजीने हे आईला दाखविले, आईने सुनेला. वस्तू आणि तिचा पुरावा एकाच ठिकाणी होता.

उन्हानंतर आला बर्फ. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर ह्या व्यापाऱ्याने गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून तो उष्ण देशांत विकण्याचा ध्यास घेतला होता. १२ मे १८३३ रोजी त्याचे टस्कनी नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांनी कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. लाकडाचा भुसा, दुहेरी भिंती आणि हवेला मज्जाव, एवढ्या साध्या सामग्रीवर हा चमत्कार घडला. पुढे मद्रासेस १८४२ मध्ये आणि मुंबईस १८४३ मध्ये बर्फाची कोठारे उभी राहिली. मद्रासचे ते बर्फघर आज विवेकानंदांच्या नावाने ओळखले जाते. परंतु हा बर्फ साहेबाच्या पेल्यात आणि श्रीमंतांच्या मेजवानीत विरघळला. कोळ्याच्या टोपलीपर्यंत तो उतरला नाही, कारण टोपलीतल्या मासळीपेक्षा बर्फच महाग होता. यंत्राने बर्फ पाडण्याचे कारखाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे निघाले, तेव्हा कोठे हा प्रश्न हळूहळू सुटू लागला.

बर्फाने मासळीचा प्रवास लांबविला खरा, परंतु त्याची शक्ती मर्यादित आहे. बर्फात ठेवलेली कोळंबी शून्य अंशाच्या आसपास असते. त्या थंडीत कुजणे मंदावते, थांबत नाही. कोळंबीच्या अंगातील पाचक रस मेल्यानंतरही आपले काम करीत राहतात, म्हणून डोके आधी मऊ होते. हवेचा स्पर्श झाला की सालाच्या कडा काळ्या पडतात. चांगल्या बर्फात तिचे आयुष्य फार तर आठवडाभर, आणि बर्फात कुचराई झाली तर त्याहून पुष्कळ कमी. म्हणजे बर्फाच्या बळावर कोळंबी किनाऱ्यालगतच्या शहरी मजेत जात असे. पठारावर ती पोहोचे ती दमून. एक मात्र बरे होते. दमलेली कोळंबी आपली अवस्था लपवीत नसे. तिचा वासच सर्व काही बोलत असे.

तिसरी आणि खरी क्रांती घडली ती लॅब्राडोरच्या हिमप्रदेशात. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय हा अमेरिकी निसर्गनिरीक्षक १९१२ ते १९१५ च्या सुमारास तेथे राहिला. तेथील एस्किमो लोक कडाक्याच्या थंडीत मासा पाण्याबाहेर काढताच तो वाऱ्यावर गोठून जाई, आणि महिन्यांनंतर शिजविला तरी त्याची चव ताज्यासारखी लागे; त्याच भागात सौम्य थंडीत सावकाश गोठलेला मासा मात्र पिचपिचीत लागे. ह्यातले मर्म त्याने हेरले. उणे एक ते उणे पाच अंश ह्या टप्प्यात मांसातील बहुतेक पाण्याचे बर्फ होते. हा टप्पा रेंगाळत ओलांडला तर बर्फाचे खडे मोठे होतात आणि मांसाच्या पेशी फोडतात. तो झपाट्याने ओलांडला तर खडे अतिसूक्ष्म राहतात आणि पेशी शाबूत राहतात. थंडी किती, ह्याइतकेच थंडी किती त्वरेने, हे महत्त्वाचे ठरले. बर्ड्‌सआयने ह्या तत्त्वावर यंत्रे बांधली, आणि ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्‌समधील स्प्रिंगफील्ड गावच्या दुकानांत असे गोठविलेले अन्न प्रथम विक्रीस मांडले गेले. घरगुती स्वयंपाकासाठी गोठविलेली मासळी विकत घेण्याच्या रिवाजाचा आरंभ येथून मानतात.

हा रिवाज हिंदुस्थानात आला तो उलट्या वाटेने. आपण तो खाण्यासाठी नव्हे, खाऊ घालण्यासाठी उचलला. १९५३ मध्ये कोचीन कंपनी ह्या संस्थेने गोठविलेल्या कोळंबीची पहिली खेप अमेरिकेस पाठविली. कंपनीचे संस्थापक आर. माधवन नायर हे ह्या धंद्याचे आपल्या देशातील आद्य प्रवर्तक होत. त्याच सुमारास, ऑक्टोबर १९५२ च्या करारान्वये, नॉर्वे, भारत आणि संयुक्त राष्ट्रसंघ ह्यांच्या सहकार्याने कोल्लमजवळील नींडकरा येथे एक प्रकल्प सुरू झाला होता. मच्छीमारांची होडी सुधारावी, त्यांच्या वस्तीत स्वच्छ पाणी व दवाखाना यावा, मासळीला बर्फ मिळून ती देशातच अधिक लोकांना खावयास मिळावी, असा त्याचा मूळ उद्देश. परंतु यांत्रिक होड्या आणि समुद्राचा तळ खरवडणारी जाळी आली, त्या जाळ्यांत कोळंबी भरभरून सापडली, आणि अमेरिकेचा भाव समोर दिसला. मग प्रकल्पाचे तोंडही हळूहळू तिकडेच वळले. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला, तेव्हा तर ह्या धंद्याला उधाणच आले. केरळात कोळंबीला लोक गुलाबी सोने म्हणू लागले. तकळी शिवशंकर पिळ्ळै ह्यांची ‘चेम्मीन’ ही कादंबरी १९५६ ची. कोळंबी ह्याच अर्थाचे ते नाव घराघरांत गाजत होते त्याच वर्षांत खरी कोळंबी पेटाऱ्यांत बंद होऊन साता समुद्रांपलीकडे चालली होती.

ह्या सोन्याला हातांचे मोल पडले, आणि ते हात बहुतांशी बायकांचे होते. कोळंबी गोठविण्यापूर्वी तिचे डोके काढावे लागते, साल सोलावे लागते, पाठीवरचा काळा दोरा ओढून काढावा लागतो. हे काम यंत्राने नीट साधत नसे. केरळच्या किनाऱ्यावर सोलाईच्या शेकडो झोपड्या उभ्या राहिल्या. तेथे बायका पहाटेपासून बर्फाच्या पाण्यात बोटे बुडवून बसत आणि मजुरी मिळे ती सोललेल्या मालाच्या मापावर. पुढे गुजरात आणि महाराष्ट्रातील कारखान्यांतही केरळच्या मुली ह्याच कामासाठी नेल्या गेल्या. समुद्रावरही ताण पडला. लहान होडीचे मच्छीमार आणि यंत्रहोड्यांचे मालक ह्यांच्यात झगडे झाले, आणि अखेर १९८८ मध्ये केरळ सरकारने पावसाळ्यात तळखरवडी जाळ्यांवर बंदी घातली. पाकिटावर ह्यातले काहीच छापलेले नसते. बखरीत मात्र त्याची नोंद असलीच पाहिजे.

त्या काळात हीच कोळंबी आपल्या घरांत का आली नाही, असा प्रश्न वाचक विचारील. उत्तर सोपे आहे. गोठविलेला माल विकावयाचा तर कारखान्यापासून चुलीपर्यंत प्रत्येक मुक्कामी वीज आणि थंडी हवी. बेंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे १९०५ मध्येच लागले होते, तरी घरातले शीतकपाट ही फार पुढची गोष्ट. गोदरेजने आपल्या देशात बनविलेले शीतकपाट बाजारात आणले ते १९५८ मध्ये, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे कारकुनाच्या पगारात ते बसत नव्हते. थंडीची साखळी कोचीनच्या कारखान्यातून थेट जहाजाच्या पोटात जात असे. देशाच्या अंतर्भागाकडे तिचा एकही दुवा वळला नव्हता. १९७२ मध्ये समुद्री उत्पादनांच्या निर्यातीसाठी कोचीन येथे केंद्र सरकारचे स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या नावातच निर्यात हा शब्द आहे. आमच्यासारख्यांसाठी सोडे होतेच.

चित्र पालटले ते कोळंबीची शेती सुरू झाल्यावर. १९९० नंतर आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वाघ-कोळंबीची तळी झपाट्याने पसरली. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने ती तळीच्या तळी ओस पाडली. खाऱ्या पाण्याने शेती व विहिरी बिघडल्याच्या तक्रारी न्यायालयात गेल्या, आणि डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्याच्या नियमनक्षेत्रातील तळी, पारंपरिक पद्धतीची वगळता, हटविण्याचा आदेश दिला. २००५ मध्ये किनारी मत्स्यशेतीचा स्वतंत्र कायदा झाला. २००९ मध्ये व्हॅनामी ह्या जातीच्या पालनास परवानगी मिळाली, आणि काही वर्षांतच तिने वाघ-कोळंबीला मागे सारले. ही जात मूळची अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्याची. जन्माने अमेरिकी, पालनाने आंध्रची, आणि विक्रीचा मोठा वाटा पुन्हा अमेरिकेत, असा तिचा फेरा झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत वाढविले, तेव्हा एकाच गिऱ्हाईकावर विसंबण्यातला धोका आंध्रच्या तळेवाल्यांना कळून चुकला, आणि देशातल्या गिऱ्हाइकाचे नाव पुष्कळांच्या तोंडी आले. सत्तर वर्षे पाठमोरी असलेली कोळंबी आता घराकडे तोंड करू लागली आहे.

ह्या इतिहासाची खूण पाहावयाची असेल तर कोणत्याही पाकिटावरील आकडे पाहावेत. ‘३१/४०’ असे लिहिलेले असते. कशाचे हे एकतीस-चाळीस? एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅमांत, बसणाऱ्या नगांचे. आपल्या देशातून पौंड जाऊन साठ वर्षे उलटली, तरी कोळंबीच्या पाकिटावर तो टिकून आहे, कारण हे माप अमेरिकी गिऱ्हाइकासाठी घातलेले होते. ‘पी. डी.’ म्हणजे सोललेली आणि दोरा काढलेली, ‘पी. यू. डी.’ म्हणजे सोललेली परंतु दोरा तसाच ठेवलेली. हीही निर्यातदारांचीच भाषा. आकडा जितका लहान तितकी कोळंबी मोठी, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे काम भागते. कालवणाला किंवा भाताला ४१/५० अथवा ५१/६० पुरेशी होते. तळावयाची असेल तर मोठी घ्यावी. काही पाकिटांवर हाच हिशेब किलोवर केलेला असतो, म्हणून आकड्याबरोबर माप कोणते, तेही वाचून घ्यावे.

आता त्या नोंदीकडे वळतो, जी सोड्यांच्या प्रसंगी राखून ठेवली होती. सोड्यांचा दोष डोळ्यांना दिसे. बर्फातल्या कोळंबीचा दोष नाकाला कळे. गोठविलेल्या कोळंबीचा दोष मात्र दिसत नाही, येतही नाही वासाला. उणे अठरा अंशांत चांगली आणि वाईट दोघी सारख्याच दगडासारख्या असतात. म्हणजे ह्या वस्तूचा पुरावा वस्तूतून निघून कागदावर गेला. आम्ही केंद्र सरकारच्या सेवेतील एक कारकून. कागदाची किंमत आणि कागदाची मर्यादा दोन्ही आमच्या नित्य परिचयाची आहेत. आवक-जावक वहीतली नोंद खरी असते ती प्रत्येक हाताने आपल्या वेळी खरी केली तरच. कोळंबीची फाईल तळ्यावरून कारखान्यात, कारखान्यातून थंड ट्रकमध्ये, हैदराबादकडून येणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाने किंवा चेन्नईच्या वाटेने बेंगळूरच्या गोदामात, तेथून दुकानाच्या शीतपेटीत येते. ह्यांपैकी एका जरी टेबलावर ती दोन तास उन्हात पडली, तरी वरचा शिक्का तोच राहतो.

म्हणून विकत घेताना कागद वाचावाच, आणि कागदापलीकडेही पाहावे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक, गोठविल्याची तारीख, किती दिवसांत वापरावी ती तारीख आणि निव्वळ वजन, एवढ्या चार गोष्टी छापलेल्या नसतील तर पाकीट खाली ठेवावे. मग ते हातात घेऊन हलवावे. सुट्या गोठविलेल्या कोळंब्या खड्यांसारख्या खुळखुळल्या पाहिजेत. त्या एकमेकींना चिकटून गोळा झाला असेल, किंवा आत बर्फाचा चुरा साचला असेल, तर वाटेत कोठेतरी बर्फ सुटून पुन्हा धरला, असे समजावे. (मुळातच ठोकळ्याच्या रूपात गोठविलेल्या मालाला ही कसोटी लागू नाही.) कोळंबीवर कोरडे पांढरे चट्टे दिसले तर तिच्यातले पाणी उडून गेलेले असते, ती अपाय करीत नाही, परंतु चिवट लागते. कोळंबीवर काचेसारखा बर्फाचा पातळ थर असतो, तो तिला कोरडी पडू न देण्यासाठी मुद्दाम दिलेला असतो. निव्वळ वजन मात्र तो थर वगळून असले पाहिजे; पहिल्या खेपेस बर्फ उतरल्यावर एकदा तराजूवर घालून पाहावे, म्हणजे त्या छापाच्या मालाची नियत कळते. दुकानाची शीतपेटी रात्री बंद केली जाते की काय, ह्याचीही चौकशी करण्यास लाजू नये.

येथे ‘ताजी’ ह्या शब्दाचाही विचार केला पाहिजे. पठारावरच्या बाजारात बर्फाच्या लादीवर मांडलेली कोळंबी ताजी म्हणून विकली जाते. परंतु होडीवरचे दिवस, लिलाव, रात्रीचा ट्रक आणि दुकानातला मुक्काम एवढे गणित केले, तर तिला पाण्याबाहेर येऊन तीन-चार दिवस सहज होतात. तळ्यातून काढून त्याच दिवशी कारखान्यात झटपट गोठविलेली कोळंबी, साखळी तुटली नसेल तर, खाण्याच्या दृष्टीने तिच्याहून ताजी असते. किनाऱ्यावरच्या माणसाने गोठविलेल्या मालाला नाक मुरडावे, तो त्याचा अधिकार आहे. देवनहळ्ळीत राहून त्याची नक्कल करण्यात अर्थ नाही.

घरी आणताना कोळंबी सर्वांत शेवटी उचलावी आणि जाड पिशवीत, जमल्यास वर्तमानपत्रात गुंडाळून, थेट घर गाठावे. ट्यूडरच्या भुशाने जे केले तेच वर्तमानपत्र थोड्या वाटेपुरते करते. फ्रीझर उणे अठरा अंश राखतो की नाही हे पाहावे; जुन्या कपाटांतला बर्फाचा लहान कप्पा इतका थंड नसतो, आणि पाकिटावरची तारीख मात्र उणे अठरा अंश गृहीत धरून छापलेली असते. अशा कप्प्यात कोळंबी फार दिवस न ठेवता लवकर वापरावी. पाकीट फोडल्यावर उरलेली कोळंबी हवा दाबून काढून घट्ट बांधावी. वीज गेली की दार उघडून पाहण्याचा मोह आवरावा. बंद दारामागे थंडी बराच वेळ टिकते, दर खेपेच्या पाहणीत ती निघून जाते. आणि बाजारातून आणलेली बर्फावरची कोळंबी घरच्या फ्रीझरमध्ये टाकून कारखान्याच्या गोठवणीची अपेक्षा करू नये. घरचा फ्रीझर सावकाश गोठवितो. बर्ड्‌सआयने लॅब्राडोरला जो पिचपिचीत मासा चाखला, त्याचीच ती धाकटी बहीण.

बर्फ उतरविण्याची उत्तम रीत म्हणजे लागेल तेवढीच कोळंबी झाकलेल्या भांड्यात घालून रात्रभर शीतकपाटाच्या खालच्या खणात ठेवणे. घाई असेल तर घट्ट बांधलेल्या पिशवीतून थंड पाण्यात अर्धा तास बुडवावी. गरम पाणी वापरू नये. बाहेरचा भाग शिजू लागतो आणि आतला बर्फच राहतो. ओट्यावर दुपारभर उघडी ठेवू नये. एकदा बर्फ सुटला की ती पुन्हा गोठवू नये. आणि सुटल्यावर एक काम अगत्याने करावे, ते म्हणजे वास घेणे. कागदाने जे लपविले असेल ते आता वस्तू स्वतः बोलू लागते. समुद्राचा सौम्य वास चालेल. अमोनियाचा उग्र दर्प आला तर पैशाकडे न पाहता ती टाकून द्यावी.

शिजविण्यातही इतिहासाने फरक पाडला आहे. सोडे भिजवावे लागत आणि मसाल्यात मुरत शिजावे लागत; त्यामुळे पुष्कळ घरांत कोळंबी म्हणजे आधी फोडणीत टाकावयाची वस्तू, असा हाताला वळण पडले. गोठविलेल्या कोळंबीला ही रीत मानवत नाही. तिला शिजावयास दोन-तीन मिनिटे पुरतात. जास्त झाली की रबर होते. म्हणून तिचे पाणी निपटून, हळद, मीठ आणि लसूण लावून ती बाजूला ठेवावी. कांदा, खोबऱ्याचे वाटण, तिखट आणि आमसूल ह्यांचा रस्सा आधी पूर्ण तयार करावा, आणि कोळंबी अगदी शेवटी सोडावी. राखाडी रंग जाऊन ती गुलाबी झाली, मांस अपारदर्शक झाले आणि अंग अर्धचंद्रासारखे वळले, की चुलीवरून उतरवावे. पूर्ण वेटोळे झाले तर वेळ टळली. तो गुलाबी रंग तिच्यात पहिल्यापासूनच असतो; प्रथिनाने त्याला जखडून ठेवलेले असते आणि उष्णतेने ते बंधन सुटते. कोळंबीभात करावयाचा असेल तर भात तीन चतुर्थांश शिजल्यावर ती घालून झाकण ठेवावे. आमसुले येथे मिळाली नाहीत तर येथली चिंच वापरावी. चव निराळी होते, उणी होत नाही.

एका गोष्टीचे मात्र आम्हांस वाईट वाटते, आणि ते नोंदविल्यावाचून ही बखर पुरी होणार नाही. सोडे निवडणारी आजी, कोळणीशी हुज्जत घालीत कोळंबीचे डोके दाबून पाहणारी आई, ह्यांच्या बोटांत जी विद्या होती तिला ह्या पाकिटात काम उरलेले नाही. ती विद्या बिऱ्हाडाबरोबर पठारावर आली आणि येथे तिला विषयच मिळाला नाही. तिची जागा नवी विद्या घेत आहे: आकडे वाचण्याची, तारीख तपासण्याची, पाकीट हलवून ऐकण्याची, थंडीचा हिशेब ठेवण्याची. ही विद्या आम्हांला कोणी घरात शिकविलेली नाही. ती आपल्यालाच जमवून पुढच्या पिढीला द्यावी लागेल. ती नसेल तर कोचीनच्या पाण्यात बोटे गारठविणाऱ्या बाईचे, रात्र जागविणाऱ्या ट्रकवाल्याचे आणि तळ्यावरच्या शेतकऱ्याचे सर्व श्रम आपल्या ओट्यावर एका दुपारीत वाया जातात. टस्कनी जहाजाने चार महिन्यांच्या प्रवासात अर्ध्याहून अधिक बर्फ वाचवून आणला. आपल्याला तो दुकानापासून घरापर्यंत आणि घरापासून ताटापर्यंतच वाचवावयाचा आहे.